क्लाउडवरची चित्र-ओळख सेवा घेताना परतीची वाट मोकळी कशी ठेवावी

इंदूरच्या सांवेर रोड औद्योगिक क्षेत्रात शेव-नमकीनची पाकिटे भरणाऱ्या एखाद्या कारखान्याने सील नीट बसले आहे की नाही हे तपासण्यासाठी कॅमेऱ्याला क्लाउडवरची चित्र-ओळख सेवा जोडली, तर काम थोड्या दिवसांत मार्गी लागते. पण सेवा बदलायची वेळ आली की आपले काय काय तिच्यापाशी अडकले आहे हे कळते. ही वेळ खरोखर येते. आयबीएमची वॉटसन व्हिज्युअल रेकग्निशन १ डिसेंबर २०२१ रोजी बंद झाली, आणि मालातले दोष शोधण्यासाठीच काढलेली ॲमेझॉनची लुकआउट फॉर व्हिजन ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी.

सर्वांत आधी फोटो आणि त्यांवरच्या खुणा सांभाळाव्यात. कोणते सील उघडे आहे आणि कोणते नुसते चुरगळलेले, हे रोज पाकिटे हाताळणाऱ्या माणसाने एकेक फोटो पाहून ठरवलेले असते. प्रोग्राम पुन्हा लिहिता येतो, ही मेहनत मात्र पुन्हा करवून घेणे फार महागात पडते. म्हणून मूळ फोटो स्वतःच्या डिस्कवर ठेवावेत आणि खुणा सेवेच्या पडद्यावर केल्या असल्या तरी त्या नियमाने उतरवून कोकोसारख्या (फोटोंवरच्या खुणा लिहून ठेवण्याची एक प्रचलित पद्धत) खुल्या स्वरूपात जपाव्यात.

सेवेचे उत्तर जसेच्या तसे आपल्या प्रोग्रामभर पसरू देऊ नये. मध्ये एक छोटा अडॅप्टर, म्हणजे सेवेचे उत्तर आपल्या भाषेत आणणारा दुभाष्या प्रोग्राम, लिहावा आणि सेवेशी बोलणे फक्त त्यानेच करावे. ॲमेझॉन रेकग्निशन वस्तूभोवतीच्या चौकटीची जागा फोटोच्या प्रमाणात सांगते, तर मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर क्लाउडची चित्र-विश्लेषण सेवा पिक्सेलमध्ये. १२०० पिक्सेल रुंद फोटोत एकीची डावी कड ०.२५ येईल, तर दुसरीची ३००. खात्रीचा आकडा पहिली १०० पैकी देते, दुसरी १ पैकी. अडॅप्टरने हे सारे एका मापात आणावे.

माप एक झाले म्हणून अर्थ एक होत नाही, आणि घोटाळा बहुधा इथेच होतो. एका सेवेचे ९० आणि दुसरीचे ०.९० यांची विश्वासार्हता सारखी असेलच असे नाही. त्यासाठी सेवेला सील ओळखायला शिकवताना, म्हणजे प्रशिक्षणात, कधीही न वापरलेले काही फोटो बाजूला ठेवून, पाकीट बाद करण्याची मर्यादा प्रत्येक सेवेसाठी त्यांच्यावर नव्याने ठरवावी.

स्वतःच्या फोटोंवर मॉडेल, म्हणजे त्या फोटोंवरून शिकलेला ओळखणारा प्रोग्राम, तयार करून घेणार असाल, तर ते बाहेर काढता येते का, हे पैसे भरण्याआधी विचारावे. रेकग्निशनच्या कस्टम लेबल्समधले मॉडेल उतरवून घेता येत नाही. अझ्युर कस्टम व्हिजनमध्ये ‘कॉम्पॅक्ट’ प्रकार निवडल्यास ते ओएनएनएक्स या, इतरत्रही चालवता येणाऱ्या खुल्या स्वरूपात मिळते, पण ही निवड प्रशिक्षणापूर्वीच करावी लागते. करारात सेवा बंद करण्यापूर्वी किती मुदत देणार, हे लिहून घ्यावे आणि त्या मुदतीत दुसरी सेवा अडॅप्टरला जोडून होते का, हे सुट्टीच्या दिवशी एकदा प्रत्यक्ष करून पाहावे.