वायर बदलली तरी ईमेल पत्ता तोच राहावा म्हणून

घरचं ब्रॉडबँड कधी ना कधी बदलतंच. सोसायटीत नवी फायबर येते, घर बदलतं, बदली होते, नाहीतर तक्रारी करून करून माणूस कंटाळतो. अशा वेळी ईमेल पत्त्याच्या शेवटी जुन्या इंटरनेट कंपनीचं नाव असेल, तर कनेक्शनबरोबर पत्ताही जातो. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हापासून कनेक्शनसोबत मिळेल तोच पत्ता वापरायची सवय लागली. पुढे बीएसएनएलचा संचारनेट आणि एमटीएनएलचे पत्तेही असेच घरोघरी गेले. परदेशातही वेगळं नाही. अमेरिकेत व्हेरायझनने २०१७ मध्ये आपली ईमेल सेवा बंद केली, आणि पत्ता टिकवायचा असेल तर खातं एओएल या ईमेल सेवेकडे हलवा, असं ग्राहकांना सांगितलं. कॉलेजचा किंवा ऑफिसचा पत्ता बँकेत दिला असेल, तर तिथेही हाच धोका आहे.

या सगळ्या कामात क्रम चुकला की त्रास होतो. नवा पत्ता आधी घ्या, सगळीकडे तो नोंदवा आणि जुनं कनेक्शन सर्वांत शेवटी तोडा. बहुतेक ठिकाणी पत्ता बदलताना ओटीपी किंवा लिंक जुन्या पत्त्यावरच येते. तो आधीच बंद पडलेला असेल, तर दोन मिनिटांच्या कामासाठी अर्ज आणि ओळखपत्राची झेरॉक्स घेऊन शाखेत जावं लागतं.

नवा पत्ता दोन प्रकारे घेता येतो. जीमेल, आउटलुक, झोहो, प्रोटॉन यांसारख्या सेवेचा मोफत पत्ता घेता येतो, किंवा स्वतःचं डोमेन (पत्त्यात @ च्या पुढे येणारं नाव) विकत घेऊन त्यावर पत्ता बनवता येतो. घरगुती वापराला पहिला पुरतो. दुकान, क्लिनिक, क्लास किंवा सल्लागाराचा व्यवसाय असेल, तर डोमेनच घ्यावं असं आमचं स्पष्ट मत आहे.

मोफत पत्ता घेताना जागेची मर्यादा लक्षात ठेवा. जीमेलची १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहे, आणि अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही आता त्यातच धरला जातो. सकाळच्या शुभेच्छांच्या व्हिडिओंनी जागा भरली की नवी मेल येणंच थांबतं. पाठवणाऱ्याला ती परत जाते आणि आपल्याला कळतही नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या बॅकअपमधून व्हिडिओ वगळा. शिवाय दोन वर्षं खातं उघडलंच नाही, तर गूगल ते काढून टाकू शकतं. म्हणून फक्त कागदपत्रांसाठी वेगळा पत्ता केला असेल, तर त्यातही अधूनमधून लॉगिन करत जा.

नाव निवडायला अर्धा तास द्या, कारण ते पुढची वीस-तीस वर्षं फोनवर सांगायचं आहे. अंडरस्कोर टाळा. छापील फॉर्मवर किंवा व्हिजिटिंग कार्डावर पत्त्याखाली रेघ आली की अंडरस्कोर त्या रेघेत गडप होतो, आणि समोरचा तिथे मोकळी जागा समजतो. ओ आणि शून्य, एल आणि एक हे एकमेकांसारखे दिसतात, म्हणून नावात आकडे नकोतच. मराठी नावांत आणखी एक घोळ असतो: ‘व’साठी व्ही की डब्ल्यू, ‘श’ला एस-एच की नुसता एस, दीर्घ ‘ई’ला आय की दोन ई. पॅनकार्डावर आडनावाचं जे स्पेलिंग आहे, तेच पत्त्यात घ्या. हवं ते नाव मिळत नसेल, तर जन्मसाल जोडू नका, गावाचं किंवा वडिलांच्या नावाचं आद्याक्षर जोडा. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल असा असतो. नाव आणि साल दोन्ही पत्त्यातच दिलंत, तर ती फाइल हाती लागलेल्या कोणालाही कुलपाची किल्ली मिळाली. जीमेलमध्ये नावातले टिंब मोजले जात नाहीत, टिंबासह किंवा टिंबाविना मेल एकाच खात्यात येते. इतर सेवांत मात्र तसं गृहीत धरू नका.

डोमेन घ्यायचं असेल तर

डॉट इन किंवा डॉट कॉम, दोन्ही चालतात. देवनागरीत डॉट भारतही २०१४ पासून मिळतं. वेबसाइटसाठी ते छान आहे, पण बँकांचे आणि सरकारी पोर्टलचे बरेच फॉर्म देवनागरी ईमेल पत्ता स्वीकारत नाहीत, म्हणून मुख्य पत्ता रोमन अक्षरांतच ठेवा.

डोमेनची नोंदणी स्वतःच्या नावावर करा. वेबसाइट बनवणाऱ्या पोराने स्वतःच्या खात्यातून डोमेन घेतलं, नंतर तो दुसऱ्या शहरात गेला, फोन बदलला, आणि दुकानाचं नाव त्याच्याच हातात अडकलं, असं फार होतं. पैसे त्याला द्या, पण रजिस्ट्रारकडचं, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडचं, खातं तुमचं असू द्या. त्या खात्याला ईमेल देताना त्याच डोमेनवरचा पत्ता देऊ नका. डोमेन बंद पडलं तर नूतनीकरणाची सूचना त्याच बंद पत्त्यावर जाईल. तिथे जीमेलसारखा बाहेरचा पत्ता हवा.

ऑटो-रिन्यूवर विसंबू नका. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमांनुसार कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांना आधी ई-मँडेट, म्हणजे तुमची आगाऊ ऑनलाइन परवानगी, लागतो, आणि परदेशी रजिस्ट्रारकडे हे पैसे बऱ्याचदा कापलेच जात नाहीत. पाच वर्षांचे पैसे एकदम भरा. कमाल दहा वर्षांचे भरता येतात. डोमेन हातचं गेलं तर नुसता पत्ता जात नाही. ते विकत घेणाऱ्याला तुमच्या नावावर येणारी प्रत्येक मेल मिळते, पासवर्ड बदलायच्या लिंकसुद्धा. त्यामुळे एकदा डोमेनवर पत्ता सुरू केला की वापर थांबला तरी त्याचे पैसे आणखी काही वर्षं भरत राहा.

डोमेन घेतल्यावर मेल कोण सांभाळणार ते ठरवा, झोहो, गूगल वर्कस्पेस किंवा आणखी कोणी. त्यांच्या अ‍ॅडमिन पानावर एमएक्स (येणारी मेल कुठे पोहोचवायची), एसपीएफ (तुमच्या नावाने मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात) आणि डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) असे तीन प्रकारचे रेकॉर्ड दिलेले असतात. ते तिथून जसेच्या तसे कॉपी करून रजिस्ट्रारच्या डीएनएस पानावर, म्हणजे डोमेनच्या नोंदींच्या पानावर, टाका, हाताने टाइप करू नका. रजिस्ट्रारने आधीपासून टाकलेले एमएक्स रेकॉर्ड काढून टाका. नाहीतर काही मेल इकडे आणि काही तिकडे जातात. एसपीएफचा रेकॉर्ड एकाच डोमेनला एकच असतो. दोन टाकले तर तपासणीच फसते आणि तुमची मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये पडते. बदल सगळीकडे पोहोचायला ४८ तासांपर्यंत लागू शकतात, म्हणून हे काम शुक्रवारी रात्री करा आणि नंतर जीमेल व आउटलुक अशा दोन्ही पत्त्यांवर चाचणीची मेल पाठवून उत्तर मागवा. पुढे मेल सांभाळणारी कंपनी बदलावीशी वाटली तर फक्त हे रेकॉर्ड बदलायचे. पत्ता तोच राहतो, हा डोमेनचा खरा फायदा.

जुनी मेल आणि जुने संबंध

जुनी मेल आणायला कॉम्प्युटरवर थंडरबर्ड हा मोफत प्रोग्राम घ्या आणि जुनं व नवं खातं दोन्ही त्यात आयमॅप पद्धतीने (मेल सर्व्हरवरच ठेवून) जोडा. एकेक फोल्डर निवडून नव्या खात्यात ‘कॉपी’ करा, ‘मूव्ह’ नको. मध्येच लाइट गेली किंवा नेट तुटलं, तर मूळ मेल शाबूत राहते. हजार-दोन हजारांच्या गठ्ठ्यांत कॉपी करा आणि दोन्हीकडची संख्या जुळवा. जुन्या कंपनीकडे फक्त पॉप (मेल कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची पद्धत) असेल, तर सर्व्हरवर प्रत ठेवण्याची खूण आधी करा, मगच मेल उतरवा.

पत्ता कुठे कुठे दिला होता ते आठवत बसू नका. ब्राउझरने जपलेल्या पासवर्डांची यादी उघडा, जुन्या पत्त्याने केलेली खाती तिथे दिसतात. मग जुन्या मेलबॉक्सात इंग्रजीतून ‘स्टेटमेंट’, ‘पॉलिसी’, ‘व्हेरिफाय’ आणि ‘पासवर्ड’ हे शब्द शोधा. आधी बँक, मग आयकर, डीमॅट आणि म्युच्युअल फंड, पीएफ, विमा, आणि शेवटी महावितरणचं बिल, रेल्वे, खरेदीची संकेतस्थळं.

आयकराकडे विशेष लक्ष द्या. नोटिसा आता पोर्टलवर आणि ईमेलवर येतात. वडिलांच्या किंवा दुकानाच्या पोर्टल खात्यात मुख्य पत्ता सीएच्या ऑफिसचा असणं ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे. सीए बदलला की नोटीस जुन्याच ऑफिसात जाते. प्रोफाइलमध्ये मुख्य पत्ता स्वतःचा आणि दुसरा सीएचा ठेवा. बँकेत ईमेल आणि मोबाइल नंबर एकाच वेळी बदलू नका. एक जुना दुवा चालू असला, तर काही अडलं तरी तुमची ओळख पटवता येते.

जुन्या पत्त्यावरून नव्यावर फॉरवर्ड लावलं, तर पाठवणाऱ्याच्या एसपीएफ तपासणीत मधला सर्व्हर परका ठरतो आणि कामाची मेलही स्पॅममध्ये जाऊ शकते. त्यापेक्षा फोनवरच्या मेल अ‍ॅपमध्ये दोन्ही खाती शेजारी-शेजारी ठेवा. आपोआप उत्तर पाठवणारी सोयही नको. तिच्यामुळे नवा पत्ता स्पॅमवाल्यांनाही कळतो.

जमलं तर हे दोन्ही पत्ते तेरा महिने एकत्र चालू ठेवा. विम्याचा हप्ता, फॉर्म १६, लॉकरचं भाडं अशा मेल वर्षातून एकदाच येतात. शेवटच्या तीस दिवसांत जुन्या पत्त्यावर आलेली प्रत्येक मेल कोणाची ते पाहा आणि त्या-त्या ठिकाणी पत्ता बदला. नव्या खात्याला दुहेरी पडताळणी (पासवर्डाखेरीज आणखी एक खूण मागणारी) लावा आणि बॅकअप कोड कागदावर लिहून पासबुकाबरोबर ठेवा. कुठे जुना पत्ता ‘रिकव्हरी’ (पासवर्ड विसरल्यास वापरायचा) म्हणून राहिला असेल, तर तोही काढा. मग कनेक्शन बंद करण्याचा अर्ज द्या.