जुलाब थांबले, पण लघवी? मुलांच्या एचयूएसमध्ये या चुका टाळा

पावसाळा लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या दवाखान्यांत आव झालेल्या मुलांची रीघ लागते. बहुतेक मुलं आठवड्यात खडखडीत बरी होतात. मोजक्या मुलांच्या बाबतीत मात्र शौचातलं रक्त थांबतं, घरचे निर्धास्त होतात, "पोऱ्याले आते बरं वाटस" म्हणतात आणि खरं दुखणं तिथून सुरू होतं. त्याचं नाव हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम, थोडक्यात एचयूएस.

शिगा नावाचं विष तयार करणारे ई. कोलाय किंवा शिगेला जातीचे जंतू याच्या मुळाशी असतात. विष आतड्यातून रक्तात जातं आणि मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब करतं. तिथे गुठळ्या धरतात, त्यात प्लेटलेट (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी) खर्ची पडतात, लाल पेशी फाटतात आणि मूत्रपिंड काम सोडतं. ५ वर्षांखालच्या मुलांना धोका जास्त.

शी मोजता, लघवी मोजत नाही

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. जुलाब सुरू झाल्यापासून साधारण ५ ते १० दिवसांत एचयूएस डोकं वर काढतो, म्हणजे नेमका शी घट्ट व्हायला लागते तेव्हा. शौचात रक्त पडलेलं असेल तर जुलाब सुरू झाल्यापासून दोन आठवडे लघवीवर नजर हवी.

मुलाने दर किलो वजनामागे तासाला निदान १ मिली लघवी करायला हवी. म्हणजे १० किलोच्या मुलाची २४ तासांत २४० मिली. ती निम्म्याहून कमी, १२० मिलीच्या खाली, म्हणजे जेमतेम चहाच्या कपाएवढी आली, तर मूत्रपिंड अडचणीत आहे असं धरा. मोजायचं कसं? कोरडा डायपर काट्यावर ठेवा, मग ओला ठेवा. जितके ग्रॅम वाढले तितके मिली लघवी. पातळ शी मिसळली तर हा हिशेब चुकतो. मोठ्या मुलाला प्लास्टिकच्या मापात करायला लावा. सलग ८ तास लघवी नाही, चेहरा किंवा पाय सुजलेत, ओठ-तळवे पांढरे पडलेत, मूल पेंगतंय, लघवी काळ्या चहासारखी आहे, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. झटका (आकडी) आला तर १०८ला फोन लावा.

पाणी कमी आणि पाणी जास्त, दोन्ही चुका

जुलाब चालू असताना ओआरएस भरपूर हवं. त्या दिवसांत शरीरात पाणी टिकलं तर मूत्रपिंडावरचा मार हलका होतो. मोठी पुडी १ लिटर पाण्यात, छोटी २०० मिलीत. अर्धी पुडी अंदाजाने तांब्यात टाकणं बंद करा, क्षारांचं प्रमाण बिघडतं. दर जुलाबामागे २ वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिली. दुकानातली फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. साखरेने जुलाब वाढतात.

पण लघवी बंद झाल्यावर हेच ओआरएस लोटत राहिलं तर पाणी फुप्फुसात साचतं आणि मूल धापा टाकायला लागतं. ओठ कोरडे, डोळे खोल गेलेले असतील तर शरीर सुकलंय. सूज, पांढुरकेपणा आणि वाढलेलं वजन असेल तर मूत्रपिंडाचा संशय घ्या. कोणती परिस्थिती आहे हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचं असतं. एचयूएस ठरला की घामाश्वासातून जाणारं आणि लघवी-जुलाबातून गेलेलं, एवढंच पाणी मोजून देतात. "अशक्त झालाय, एक सलाईन लावा" असा आग्रह इथे जिवावर बेतू शकतो.

आता केळी. रावेर-यावलच्या घरात आजारी पोराच्या हातात केळं येणारच, आणि साध्या जुलाबात ते चांगलंच. लघवी थांबल्यावर मात्र केळं, शहाळं, फळांचा रस लगेच बंद. यातलं पोटॅशियम लघवीवाटे बाहेर पडत नाही, रक्तात चढतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं.

मेडिकलवरून आणलेली औषधं

जुलाब बांधणारी लोपेरामाइडची गोळी मुलांना देऊच नका. आतडं थंडावतं आणि विष आत जास्त वेळ राहतं. तापाला आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक अॅसिड, डायक्लोफेनॅक नको, मूत्रपिंडाला त्रास होतो. पॅरासिटामॉल एका डोसाला किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ६ तास. सिरप ५ मिलीत १२० आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत मिळतं, तेव्हा बाटली वाचून मगच चमचा भरा.

अँटिबायोटिकचा मामला नाजूक आहे. शिगेलाच्या आवेत ते लागतं, शिगा विषाच्या ई. कोलायमध्ये टाळतात, कारण काही औषधांनी विष जास्त सुटतं. बाहेरून दोन्ही आजार सारखेच दिसतात. म्हणून रक्ती जुलाबात काउंटरवरून ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल आणू नका; डॉक्टरांना दाखवा आणि जमलं तर पहिल्या डोसाआधी शौचाचा नमुना कल्चरला (जंतू ओळखायच्या तपासणीला) द्या.

कावीळ समजणं, डेंग्यू समजणं

लाल पेशी फुटल्याने डोळे किंचित पिवळे आणि लघवी गडद होते. मग पोराला झाडपाल्याचं काविळीचं औषध सुरू होतं आणि नेमके मोलाचे तीन-चार दिवस जातात. दुसरा चकवा डेंग्यूचा. सप्टेंबरात प्लेटलेट ६० हजार दिसल्या की पुढे कुणी पाहत नाही. डेंग्यूत रक्त घट्ट होऊन हिमोग्लोबिन वाढू शकतं. एचयूएसमध्ये ते झपाट्याने उतरतं. प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन दोन्ही कमी असतील तर त्याच दिवशी क्रिएटिनिन आणि युरिया (मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या तपासण्या), पोटॅशियम, एलडीएच (पेशी फुटल्या की वाढणारा घटक), लघवीची तपासणी आणि रक्ताचा स्मिअर (काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) करायला हवा. स्मिअरमध्ये फाटक्या लाल पेशी दिसतात. आणखी एक: एचयूएसमध्ये मोठा रक्तस्राव किंवा शस्त्रक्रिया नसेल तर प्लेटलेट चढवणं टाळतात, त्याने गुठळ्या वाढायची भीती असते.

क्रिएटिनिनच्या रिपोर्टवर बऱ्याचदा मोठ्या माणसाची मर्यादा छापलेली असते. ०.९ समोर "नॉर्मल" दिसतं आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. दोन वर्षांच्या मुलाचं क्रिएटिनिन ०.२ ते ०.४ असतं, त्याच्यासाठी ०.९ म्हणजे दुपटीहून जास्त.

जुलाब न होताच हे सगळं झालं, विशेषतः शाळकरी मुलात, तर तो वेगळा प्रकार असू शकतो. भारतात अशा मुलांमध्ये फॅक्टर एच या रक्तातल्या संरक्षक प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी बऱ्याचदा सापडतात. त्यावर प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) बदलण्याचा उपचार लवकर सुरू करावा लागतो, म्हणून मुलांच्या मूत्रपिंडतज्ज्ञाकडे लगेच जायला हवं.

डायलिसिसला नाही म्हणणं

"एकदा मशिनला लावलं की जन्माचं लागतं" या समजुतीने पालक पेशंट घरी नेतात. एचयूएसमध्ये साधारण निम्म्या मुलांना डायलिसिस लागतं, तेही बहुधा काही दिवस ते दोन-तीन आठवडे, मूत्रपिंड जागं होईपर्यंत. लहान बाळांना पोटात नळी टाकूनही ते करता येतं. धुळे किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून नाशिक, मुंबईला, किंवा नंदुरबारहून सुरतला पाठवलं तर निघण्याआधी तिथे बेड आणि लहान मुलांच्या डायलिसिसची सोय आहे का, हे डॉक्टरांकरवी फोनवर पक्कं करा. रेशनकार्ड, आधार आणि सगळे रिपोर्ट सोबत घ्या. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

खबरदारी सोपी आहे: धारोष्ण दूध मुलांना नको, उकळूनच द्या, मटण आतपर्यंत शिजवा, गोठ्यातून आल्यावर साबणाने हात धुवा, टँकरचं आणि विहिरीचं पाणी उकळून प्या.

मूल घरी आलं म्हणून फाईल माळ्यावर टाकू नका. निदान ५ वर्षं, वर्षातून एकदा तरी, रक्तदाब, लघवीतलं प्रोटीन आणि क्रिएटिनिन तपासावं लागतं. रक्तदाब मुलाच्या दंडाला बसणाऱ्या लहान पट्ट्यानेच मोजायला सांगा. मोठ्यांच्या पट्ट्याने तो असतो त्यापेक्षा कमी येतो.