वस्तीतल्या घरासाठी ना-नफा संस्थेचे कर्ज कसे घ्यावे

घरासाठी कर्ज मागणाऱ्याकडे बँक सर्वांत आधी जागेच्या मालकीचा पुरावा, मंजूर नकाशा आणि उत्पन्नाचा दाखला मागते. पुण्यात जनता वसाहतीत किंवा रामटेकडीवर राहून चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईजवळ फार तर फोटोपास (झोपडीधारकाचे सरकारी ओळखपत्र), वीजबिल आणि कराची पावती असते. शहराच्या कडेला गुंठा-दोन गुंठे घेऊन घर बांधलेल्या कुटुंबाकडे खरेदीचा कागद असतो, पण २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमितीकरण झालेले नसल्यामुळे त्या कागदावर बँक सहसा कर्ज देत नाही. अशा कुटुंबांत फेडण्याची ऐपत असते, परंतु बँकेला ओळखता येईल अशा रूपात ती कुठेही लिहिलेली नसते. ना-नफा कर्जपुरवठा नेमका या जागी उपयोगी पडतो.

तेथे व्याज स्वस्त मिळेल, हा समज मात्र आधीच सोडून द्यावा. लहान रकमेचे, तारणाविना दिलेले आणि वस्तीत माणूस पाठवून वसूल केलेले कर्ज चालवायला खर्च जास्त येतो, आणि अनेक संस्थांनी ते भांडवल स्वतःच बँकेकडून व्याजाने घेतलेले असते. त्यामुळे या कर्जाचा दर बँकेच्या गृहकर्जापेक्षा बहुधा चढाच असतो. त्याचा खरा उपयोग असा की, हाताशी असलेल्या कागदांवर लहान रक्कम वेळेवर मिळते. म्हणून ज्याला बँकेचे किंवा गृहवित्त कंपनीचे रीतसर गृहकर्ज मिळू शकते, त्याने ते आधी घ्यावे.

अडचण कोणत्या प्रकारची आहे?

अर्ज करण्यापूर्वी कुटुंबाने अडचणीचा प्रकार ओळखावा, कारण त्यावर कर्जाचा प्रकार ठरतो. पत्र्याच्या जागी स्लॅब घालायचा असेल, न्हाणीघर-संडास बांधायचा असेल, वरची खोली काढायची असेल, तर ती घरसुधारणा झाली आणि तिला दोन ते पाच वर्षांत फिटणारे लहान कर्ज पुरते. नवे सदनिकेचे घर घ्यायचे असेल, तर लागणारी रक्कम पतसंस्थेच्या किंवा सूक्ष्म वित्तसंस्थेच्या आवाक्याबाहेरची असते. तेथे अशा संस्थेचा उपयोग फार तर स्वतःच्या हिश्शाची रक्कम उभी करण्यापुरता होतो. तिसरा प्रकार लोकांच्या सहसा ध्यानात येत नाही. सरकारी अनुदान मंजूर झालेले असते, पण ते काम झाल्यावर टप्प्याटप्प्याने मिळते आणि दरम्यान गवंडी, वाळू, सिमेंट यांचे पैसे आधी द्यावे लागतात. येथे लागते ते पूरक कर्ज, म्हणजे अनुदान आले की एकरकमी फेडायचे अल्प मुदतीचे कर्ज.

या तिसऱ्या प्रकाराचा पुण्यातला धडा येरवड्यात मिळतो. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानातील शहरी गरिबांच्या मूलभूत सेवांच्या योजनेतून तेथील नेताजीनगर, शीला साळवे नगर यांसारख्या वस्त्यांमध्ये कच्ची घरे पाडून त्याच जागी सुमारे २७० चौरस फुटांची पक्की घरे बांधण्यात आली. त्यात स्पार्क ही संस्था आणि महिला मिलनच्या बचत गटांतील बायका होत्या. घरामागे खर्चाची मर्यादा सुमारे तीन लाख रुपये होती आणि त्यातला दहावा हिस्सा कुटुंबाने भरायचा होता. सरकारी हप्ता कामाच्या मागोमाग येतो, मजूर मात्र आठवड्याला पैसे मागतो. ही तफावत भरून काढण्यासाठी स्पार्कच्या पुढाकाराने ‘स्पार्क समुदाय निर्माण सहायक’ ही ना-नफा कंपनी स्थापन झाली होती. वस्त्यांच्या अशा प्रकल्पांना पूरक भांडवल देण्यासाठी २००२ मध्ये ब्रिटन आणि स्वीडनच्या मदतीतून एक फिरता निधीही सुरू करण्यात आला. एका वस्तीचे पैसे परत आले की ते दुसऱ्या वस्तीच्या कामात घालायचे, अशी त्याची रीत होती. देणगीचा रुपया एकदाच खर्च होतो, आणि फिरत्या निधीतला रुपया वसुली नीट झाली तर अनेक घरांना पुरतो. म्हणून अशा निधीचा हप्ता चुकवणाऱ्याकडे शेजारीपाजारी कडक नजरेने पाहतात, आणि ते मला योग्यच वाटते.

आजच्या घडीला हाच प्रश्न प्रधानमंत्री आवास योजनेत येतो. १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या या योजनेच्या दुसऱ्या पर्वात, स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या आणि वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख असे अडीच लाख रुपये मिळतात. हे पैसे पाया, छत अशा टप्प्यांचे स्थाननोंदीसह फोटो चढवल्यानंतर हप्त्याने येतात. मात्र जागा स्वतःच्या नावावर असावी लागते आणि देशात कुठेही पक्के घर नसावे लागते. सरकारी जमिनीवरच्या झोपडीसाठी हा मार्ग बहुधा बंदच असतो. तेथे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाची योजना येणार आहे का, याची चौकशी आधी करावी. इमारत पाडली जाणार असेल, तर त्या घराच्या स्लॅबसाठी दोन लाख कर्ज काढणे शहाणपणाचे नाही.

महापालिकेच्या हडपसर, खराडी, वडगाव खुर्द येथील घरांप्रमाणे सोडतीत घर लागले, तर पूर्ण कर्ज बँकेकडून घ्यावे. नऊ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला पस्तीस लाखांपर्यंतच्या घरावर आणि पंचवीस लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याज अनुदानाचाही पर्याय प्रधानमंत्री आवास योजनेत आहे. पहिल्या आठ लाखांवर बारा वर्षांपर्यंत चार टक्के या हिशेबाने ते जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये असते आणि पाच वार्षिक हप्त्यांत जमा होते. मात्र योजनेतील एकाच घटकाचा लाभ मिळतो. त्यामुळे अनुदान मिळालेल्या घरावर व्याज अनुदान धरून हिशेब मांडू नये, आणि कर्ज देणारी संस्था या योजनेत नोंदलेली आहे का, हे लेखी विचारून घ्यावे.

संस्था खरोखर ना-नफा आहे का?

वस्तीत बायकांचा गट बसवून कर्ज वाटणारी प्रत्येक संस्था ना-नफा नसते. नफ्यासाठी चालणाऱ्या वित्त कंपन्याही त्याच ओट्यावर, तशाच सतरंजीवर बैठका घेतात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खाली (जुन्या १९५६ च्या कायद्यात कलम २५) नोंदलेल्या कंपनीला झालेला नफा भागधारकांत वाटता येत नाही. तो संस्थेच्या उद्देशावरच खर्च करावा लागतो. कंपनी असेल तर तिचा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहावा. अशा कंपनीच्या क्रमांकात सहसा ‘एनपीएल’ ही अक्षरे असतात.

पतसंस्था हा वेगळा प्रकार आहे. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली चालते, सभासदांनाच कर्ज देते आणि पंधरा टक्क्यांपर्यंत लाभांशही वाटू शकते, म्हणून काटेकोर अर्थाने ती ना-नफा नाही. परंतु तिची मालकी कर्जदारांकडेच असते आणि गरीब कष्टकऱ्यांच्या हातात असलेली पतसंस्था अनेकदा ना-नफा कंपनीपेक्षाही कामाची ठरते. १९९३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या कचरावेचक सभासदांची स्वतःची पतसंस्था आहे. त्याच वर्षी मेधा सामंत यांनी पुण्यात सुरू केलेल्या अन्नपूर्णा परिवाराने भाजी विकणाऱ्या आणि घरकाम करणाऱ्या बायकांना कर्जाबरोबर बचत आणि आरोग्याचे संरक्षणही दिले. ही जोड महत्त्वाची आहे, कारण वस्तीतले हप्ते थकतात ते बहुतेक वेळा घरातल्या आजारपणामुळे.

पतसंस्थेत ठेव ठेवण्याची अट असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी: बँकेतील पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना जे विमा संरक्षण आहे, ते पतसंस्थेतील ठेवींना नाही. म्हणून लेखापरीक्षणात संस्थेला कोणता वर्ग मिळाला आहे, थकबाकीचे प्रमाण किती आहे आणि वार्षिक सभा वेळेवर होते का, हे विचारावे. अहवाल दाखवायला टाळाटाळ करणाऱ्या संस्थेच्या पायरीवरूनच परत यावे.

हप्त्याचा हिशेब

सर्वांत जास्त फसगत व्याजाच्या पद्धतीत होते. समजा, दोन लाख रुपये पाच वर्षांसाठी बारा टक्क्यांनी घेतले. घटत्या शिलकेवर व्याज असेल तर मासिक हप्ता सुमारे ४,४५० रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे ६७ हजार होते. तेच बारा टक्के मूळ रकमेवर सरळ, म्हणजे ‘फ्लॅट’ लावले, तर हप्ता ५,३३३ रुपये होतो, व्याज १ लाख २० हजार भरावे लागते, आणि घटत्या शिलकेच्या हिशेबाने तो दर वीस टक्क्यांच्या वर जातो. दोन्ही ठिकाणी तोंडी सांगताना ‘बारा टक्के’च म्हणतात. म्हणून दर विचारण्याऐवजी हप्ता किती, हप्ते किती आणि एकूण परतफेड किती, हे तीन आकडे कागदावर लिहून घ्यावेत.

त्याचबरोबर हातात नेमके किती पडणार, हेही विचारावे. शेअर्सची कपात, प्रक्रिया शुल्क, विम्याचा हप्ता, सक्तीची ठेव हे सारे वजा झाल्यावर दोन लाखांच्या कर्जाचे पावणेदोन लाखच घरी येऊ शकतात, व्याज मात्र दोन लाखांवर चालू राहते.

वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला बँक किंवा वित्त कंपनीने दिलेल्या तारणविरहित कर्जासाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम केले. कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत आणि मुदतीपूर्वी फेडल्यास दंड घेता येत नाही. निम्मे ही कायद्याची कमाल मर्यादा आहे. घरभाडे, मुलांची फी आणि गॅस सिलिंडर भरून पुण्यात निम्म्या पगारावर महिना काढणे कठीण असल्याने, माझ्या मते हप्ता उत्पन्नाच्या चौथ्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नये. बिशीचे पैसे आणि सोनाराकडे ठेवलेल्या दागिन्यांचे व्याजही या हिशेबात धरावे. लोक ते नेमके विसरतात.

टप्प्याने बांधावे, टप्प्याने उचलावे

वस्तीतले घर एका झटक्यात उभे राहत नाही आणि त्यासाठी कर्जही एकदम काढू नये. पहिले कर्ज लहान घ्यावे, वर्ष-दीड वर्षात फेडावे, आणि त्या परतफेडीच्या नोंदीवर पुढचे मोठे मागावे. छताचे काम असेल तर अर्ज संक्रांतीच्या सुमारास करावा. मंजुरी, खरेदी आणि मजुरांची जुळवाजुळव यांत दोन-तीन महिने जातात आणि मृगाच्या आत स्लॅब होऊन त्याला पुरेसे पाणी मारून झाले पाहिजे. एप्रिलमध्ये पैसे हातात आलेली कुटुंबे घाईत काम उरकतात आणि पहिल्याच पावसात गळणारे छत घेऊन पाच वर्षे हप्ते भरतात.

संडासासाठी आधी कर्ज न काढता मदतीच्या योजना पाहाव्यात. शेल्टर असोसिएट्स या पुण्याच्या संस्थेने ‘एक घर एक शौचालय’ या पद्धतीत बांधकामाचे साहित्य घरपोच द्यायचे आणि बांधणीचा खर्च कुटुंबाने करायचा, अशी वाटणी ठेवली. त्यामुळे लागलेच तर कर्ज फक्त गवंड्याच्या मजुरीपुरते लागते. शिवाय घराच्या दारापर्यंतची ड्रेनेज लाइन, गल्लीचे काँक्रीट, सार्वजनिक नळ ही महापालिकेची कामे आहेत. त्यांसाठी गटाने कर्ज काढण्यापेक्षा क्षेत्रीय कार्यालयात अर्ज आणि पाठपुरावा करावा.

घरातच शिलाई, पोळीभाजीचे डबे किंवा इस्त्रीचे काम चालत असेल, तर ते कर्जाच्या अर्जात स्पष्ट लिहावे. अशा घरात वाढलेली खोली ही कमाईची जागाही असते आणि बरी संस्था हप्ता ठरवताना ती वाढ विचारात घेते.

जामीन, थकबाकी आणि शेवटचे कागद

जामीनदार म्हणजे नावापुरता साक्षीदार नव्हे. करार कायदा १८७२ च्या कलम १२८ नुसार त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवून त्याच्याविरुद्धही कारवाई करू शकते. शेजारणीला जामीन राहण्याआधी तिचा हप्ता आपण सहा महिने भरू शकू का, हे पाहावे. स्वतःचा हप्ता चुकणार असे दिसताच, चुकण्याच्या आधी संस्थेला लेखी कळवावे आणि हप्ता कमी करून मुदत वाढवून मागावी. दुसऱ्या संस्थेकडून कर्ज काढून पहिले फेडू नये. पतसंस्थेविरुद्धची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे करावी, बँक किंवा वित्त कंपनीविरुद्धची रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

शेवटचा हप्ता भरल्यावर काम संपत नाही. कर्ज फिटल्याचा दाखला घ्यावा, कोरे दिलेले धनादेश परत मागावेत, सभासदत्व ठेवायचे नसेल तर शेअर्सच्या रकमेसाठी अर्ज करावा, आणि सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर बोजा चढवला असेल तर तो उतरवून नवा उतारा हातात घ्यावा. बँक आणि वित्त कंपन्यांनी मूळ कागद तीस दिवसांत परत द्यावेत, उशीर झाल्यास दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. पतसंस्था या नियमात येत नाही, म्हणून तेथे कागद परत मिळण्याची मुदत कर्ज घेतानाच करारात लिहून घ्यावी.