रंगपंचमीनंतरचा भुसा: चार गुरांच्या गोठ्यात पैसा कुठे वाचतो

रंगपंचमी झाली, इंदूरच्या राजवाड्यावरची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, उलगडली, की देपालपूर, बेटमा, सांवेरच्या शेतांत हार्वेस्टर फिरायला लागतात. घरात वर्षाचे गहू भरायची जी वेळ, तीच गोठ्यात भुसा भरायची. गव्हाचा भुसा, म्हणजे आपल्याकडचा सुकला, पुढचे चार-पाच आठवडे सगळ्यांत स्वस्त मिळतो. श्रावणात तोच मिळेल त्या भावाला घ्यावा लागतो, आणि बरेचदा भिजका निघतो.

आधी वहीत हिशोब मांडा. ४०० किलो वजनाच्या गाईला दिवसाला १० ते १२ किलो कोरडा अंश, म्हणजे पाणी वगळून उरणारा चारा, लागतो. हिरवा चारा आणि ढेप (पेंड) धरली तर त्यातला साधारण ६ किलो भुसा. चार गुरं, एप्रिल ते सप्टेंबर १८० दिवस, म्हणजे ४३ क्विंटल. थोडी तूट धरून ४७-४८ क्विंटल भरा. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची मळणी झाली की त्याचं भुसकट हाताशी येतंच.

खरेदी ट्रॉलीच्या भावाने करू नका. एक ट्रॉली पायांनी तुडवून भरलेली असते, दुसरी वरवर फुगवलेली. भाव मात्र दोन्हींचा एकच. ट्रॉली रिकामी असताना आणि भरल्यावर, दोन्ही वेळा धर्मकाट्यावर, म्हणजे गाड्या तोलायच्या काट्यावर, घाला. काट्याचे पैसे पहिल्याच फेरीत वसूल होतात.

त्याहूनही स्वस्त वाट शेजाऱ्याच्या शेतातून जाते. हार्वेस्टर कणसं काढून पुढे जातो आणि मागे गुडघाभर नरवाई, म्हणजे गव्हाची धसकटं, उभी राहते. पुष्कळ जण ती पेटवतात. त्यावर बंदी आहे, दंड आहे, आणि जमिनीतले गांडूळ-जिवाणू होरपळतात ते वेगळंच. त्याच नरवाईचा भुसा करणारं रीपर मशीन भाड्याने मिळतं. शेजाऱ्याला रान मोकळं हवं असतं, आपल्याला चारा. मशीनचं भाडं आपण द्यायचं आणि भुसा उचलायचा, असं बोलणं काडीपेटी निघायच्या आधी करा. हे मशीन विकत घेण्याच्या फंदात मात्र चार-सहा गुरांच्या मालकाने पडू नये. महिनाभर चालेल आणि अकरा महिने हप्ते मागेल.

मशीनच्या भुशात माती, खडे आणि तारेचे तुकडे येतात. तार गाईच्या पोटात गेली तर दुसऱ्या कप्प्यात अडकते, तिथून पडदा भेदून हृदयापर्यंत पोहोचते. मी जुन्या स्पीकरचा लोहचुंबक दोरीला बांधून टोपलीतल्या भुशातून फिरवते. गेल्या उन्हाळ्यात त्याला बोटभर लांब तार चिकटून आली. तेव्हापासून एकही टोपली चुंबक फिरवल्याशिवाय गव्हाणीत जात नाही.

साठवणीचा धडा मी पैसे मोजून शिकले. पहिल्या वर्षी भुसा जमिनीवरच रचला आणि वरून ताडपत्री घट्ट ओढून घेतली. पाऊस वरून येईल एवढाच विचार केला. माळव्याची काळी माती खालून ओल चढवते हे ध्यानात आलं नाही. ऑगस्टमध्ये तळ उघडला तर हातभर थर काळा, चिकट, आंबूस वासाचा. गाईंनी तोंड लावलं नाही. बुरशीचा भुसा जबरदस्तीने खाऊ घालूही नये, म्हणून सगळा उकिरड्यात गेला. आता खाली दगड, त्यावर आडवे बांबू, त्यावर तुराट्यांचा थर, मग भुसा. ताडपत्री वरून झाकते, बाजूंनी वारा खेळता ठेवते.

गव्हाच्या भुशात प्रथिनं जेमतेम ३ टक्के. युरियाची प्रक्रिया केली तर ती दुपटीपर्यंत जातात आणि ढेपेवरचा भार हलका होतो. १०० किलो भुशाला ४ किलो युरिया, ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. एकेक थर पसरायचा, झारीने सारखं शिंपायचं, पायांनी दाबायचं, पुढचा थर घालायचा. शेवटी प्लास्टिकने झाकून कडा मातीने लिंपायच्या आणि २१ दिवस हात लावायचा नाही. उघडल्यावर डोळ्यांत झोंबणारा वास येतो, म्हणून रोजचा भुसा काही तास उघड्यावर पसरून मगच द्यावा. सुरुवात थोड्यापासून करा. सहा महिन्यांखालच्या वासरांना हा भुसा अजिबात नको, आणि युरियाचं पाणी कुठल्याही जनावराच्या तोंडी लागू देऊ नका. ते विष आहे.

सगळ्यांत महाग चारा गुरांच्या पायाखाली असतो. आठवडाभर गव्हाणीबाहेर सांडलेलं पोत्यात भरून तोला. जनावरामागे रोज १ किलो सांडत असेल, तर चार गुरांचे १८० दिवसांत ७ क्विंटलच्या वर जातात. गव्हाणीची पुढची कड एक फळी ठोकून उंच करा, आणि चारा एकदम न टाकता तीन वेळा घाला.

कुट्टी मशीन ज्वारीच्या कडब्याला आणि मक्याला हवंच. दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे झाले की गुरं दांडेही सोडत नाहीत. पण ते तीन-चार घरांत मिळून घेता येतं. पातं बोथट झालं की मोटार कण्हते आणि विजेचं बिल वाढतं, म्हणून धार वेळेवर लावून घ्या. ओढणी, पदर, सैल बाही घालून मशीनपाशी जायचं नाही, आणि बटणापाशी दुसरं माणूस उभं हवं. दूध काढायच्या मशीनची चार गाईंना गरज नाही.

जूनचा पहिला मोठा पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी गंजीत कोपरापर्यंत हात घाला. आत गरम लागलं, तर तेवढा भाग त्याच दिवशी उपसा, उन्हात पसरा आणि आधी तोच वापरून संपवा.