पगारपत्रकापासून करपात्र उत्पन्नापर्यंत

करपात्र उत्पन्न काढायला बसताना बँकेचे पासबुक बाजूला ठेवावे आणि वर्षभराची बारा पगारपत्रके समोर घ्यावीत. पासबुकात जमा झालेली रक्कम भविष्यनिर्वाह निधी, विम्याचा हप्ता, पतपेढीचा कर्जहप्ता, व्यवसाय कर आणि टीडीएस (पगारातून आधीच कापला जाणारा आयकर) कापून आलेली असते. आयकराचा हिशोब मात्र या कपातींच्या आधीच्या एकूण वेतनापासून सुरू होतो. पतपेढीचा हप्ता कितीही मोठा असला, तरी त्याने उत्पन्न एक रुपयानेही घटत नाही, आणि जळगाव-धुळ्याकडच्या शिक्षकांच्या हिशोबात सर्वाधिक गैरसमज याच रकमेबद्दल आढळतो. राज्य सरकार व जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांचा मार्चचा पगार एप्रिलमध्ये देय होत असल्याने त्यांची बारा पत्रके मार्च ते फेब्रुवारी अशी धरतात. म्हणूनच वर्षभर थोडाथोडा कर कापून घेतला नसेल, तर फेब्रुवारीच्या पगाराला एकदम कात्री लागते.

पुढील आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्याप्रमाणे आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला २०२५ चा नवा कायदा लागू होत असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत.

मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, इतर भत्ते आणि थकबाकी यांची बेरीज म्हणजे एकूण वेतन. थकबाकी मागील वर्षांची असेल, तर कलम ८९ खाली दिलासा मिळतो. मात्र त्यासाठी आयकर विवरणपत्राच्या आधी फॉर्म १०ई ऑनलाइन भरणे आवश्यक आहे. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतील कर्मचाऱ्यांनी शासनाचा हिस्सा आधी वेतनात मिळवून नंतर वजा करावा. ही वजावट आयकराच्या जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पद्धतींत मिळते आणि सरकारी कर्मचाऱ्यांसाठी तिची मर्यादा मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १४ टक्के आहे.

यानंतर जुनी करपद्धत घ्यायची की नवी, हे ठरवायचे असते, आणि ते अंदाजाने न ठरवता दोन्हींचा हिशोब मांडूनच ठरवावे. समजा, जळगावात भाड्याने राहणाऱ्या एका शिक्षिकेचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून वर्षाला ९,००,००० रुपये, घरभाडे भत्ता १,०८,००० आणि इतर भत्ते १२,००० आहेत, म्हणजे एकूण वेतन १०,२०,००० झाले. ती दरमहा १२,००० रुपये भाडे देते आणि बचत खाते व मुदत ठेवींवर तिला ४०,००० रुपये व्याज मिळते, त्यापैकी १४,००० बचत खात्याचे आहे.

जुन्या पद्धतीत घरभाडे भत्त्याची सूट तीन रकमांतील सर्वांत लहान रकमेइतकी असते: प्रत्यक्ष मिळालेला भत्ता १,०८,०००, दिलेल्या १,४४,००० भाड्यातून वेतनाचे १० टक्के वजा जाता उरणारे ५४,०००, आणि वेतनाचे ४० टक्के, म्हणजे ३,६०,०००. येथे ५४,००० करमुक्त ठरतात आणि भत्त्यातले उरलेले ५४,००० करपात्रच राहतात. वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर असल्याने घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. चोपड्याला स्वतःच्या घरात राहून भत्ता घेणाऱ्याला ही सूट मुळीच नाही. ओळखीच्या माणसाकडून भाडेपावत्या लिहून घेण्याची वाईट सवय काही कचेऱ्यांत आहे. घरमालकाच्या विवरणपत्रात ते भाडे दिसले नाही, तर नोटीस कर्मचाऱ्यालाच येते.

सूट वजा जाता ९,६६,००० उरतात. त्यातून पगारदाराला सरसकट मिळणारी प्रमाणित वजावट ५०,००० आणि व्यवसाय कर २,५०० (अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००) काढल्यावर ९,१३,५०० राहतात, आणि व्याज मिळवल्यावर ९,५३,५०० होतात. कलम ८०सी ची मर्यादा १,५०,००० असून तीत भविष्यनिर्वाह निधी, आयुर्विमा, गृहकर्जाची मुद्दल आणि दोन मुलांचे शिक्षणशुल्क बसते. वसतिगृहाचे शुल्क किंवा शाळेला दिलेली देणगी बसत नाही. शिक्षिकेने ही मर्यादा पूर्ण वापरली, आरोग्य विम्याचे १८,००० कलम ८०डी खाली दाखवले आणि बचत खात्याच्या व्याजावर कमाल १०,००० ची वजावट घेतली, तर करपात्र उत्पन्न ७,७५,५०० येते. त्यावर ६७,६०० कर आणि ४ टक्के उपकर धरून ७०,३०४ रुपये भरावे लागतात. स्वतःच्या राहत्या घराच्या कर्जाचे व्याज असते, तर आणखी दोन लाखांपर्यंत वजावट मिळाली असती.

नव्या पद्धतीत यातले जवळपास काहीच चालत नाही. प्रमाणित वजावट मात्र ७५,००० मिळते. वेतन ९,४५,००० आणि व्याज ४०,००० मिळून करपात्र उत्पन्न ९,८५,००० होते. पहिल्या चार लाखांवर कर नाही, पुढील चार लाखांवर ५ टक्के आणि त्यापुढील १,८५,००० वर १० टक्के, असा ३८,५०० रुपये कर येतो. पण करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्याने कलम ८७ए ची सवलत मिळून तो शून्य होतो. या पगारपातळीला जुनी पद्धत धरून बसण्यात अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही रावेर-यावल पट्ट्यातल्या नोकरदाराने येथेच थांबू नये. सातबारावर नाव असेल आणि केळी किंवा कापसाचे उत्पन्न येत असेल, तर ते करमुक्त असले तरी कराचा दर ठरवताना मोजले जाते. निव्वळ शेती उत्पन्न ५,००० रुपयांपेक्षा जास्त आणि इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त असले, की हा नियम लागतो. वरील शिक्षिकेच्या नावावरच्या केळीच्या बागेतून रोपे, ठिबक, खते आणि मजुरी वजा जाता ४,००,००० उरले, असे समजू. नव्या पद्धतीने आधी दोन्ही उत्पन्नांच्या बेरजेवर, म्हणजे १३,८५,००० वर कर काढायचा: ८७,७५०. मग शेती उत्पन्नात करमुक्त चार लाख मिळवून येणाऱ्या ८,००,००० वर कर काढायचा: २०,०००. फरक ६७,७५० रुपये. कलम ८७ए ची सवलत कमाल ६०,००० असल्याने किमान ७,७५० रुपये कर आणि त्यावरचा उपकर उरतोच. ‘शेतीला कर नाही’ एवढ्यावर विसंबलेल्यांना हे पटत नाही, पण हिशोब असाच आहे. शेत बटाईने दिले असेल, तर आपल्या वाट्याला आलेली रक्कमही शेती उत्पन्नच होय. व्यापाऱ्याच्या विक्रीपट्ट्या आणि खर्चाच्या पावत्या जपून ठेवाव्यात, आणि अशा वेळी विवरणपत्राचा आयटीआर-१ हा नमुना न भरता आयटीआर-२ भरावा. जमीन वडिलांच्याच नावावर असेल, तर ते उत्पन्न आपल्या हिशोबात धरू नये.

शेवटी कार्यालयाने दिलेल्या फॉर्म १६ मधील आकडे आयकर खात्याकडच्या फॉर्म २६एएस आणि वार्षिक माहिती विवरणाशी ताडून पाहावेत. मुदत ठेवीचे विसरलेले व्याज बहुधा तेथेच सापडते. कार्यालयाने नवी पद्धत धरून टीडीएस कापला असला, तरी निव्वळ पगारदाराला विवरणपत्रात जुनी पद्धत निवडता येते. त्यासाठी विवरणपत्र मुदतीत, एरवी ३१ जुलैपर्यंत, भरलेले असावे लागते. उशीर झाला तर त्या वर्षापुरती नवी पद्धतच लागू होते.