बायपासनंतर घरी आल्यावर या चुका टाळा: ‘पित्त असेल’ ही त्यातली सर्वांत मोठी

आण्णांची बायपास बेळगावातच झाली. आठव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. हातात आलेला कागद इंग्रजीत, तो समजावून सांगणारी सिस्टर कन्नड बोलणारी आणि खानापूरला घरी वाट बघणारी माणसं मराठी. ऑपरेशनमध्ये काही चुकलं नव्हतं. चुका झाल्या त्या पुढच्या दीड-दोन महिन्यांत, आमच्याच घरात. काही नंतर ओळखीच्यांकडे बघितल्या.

एकच गोळी, दोन नावं

आण्णांना आधीपासून एक गोळी चालू होती, ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलचं औषध एकत्र असलेली. नव्या कागदावर हीच दोन औषधं सुटी सुटी, वेगळ्या कंपन्यांच्या नावांनी. आईनं जुनंही चालू ठेवलं आणि नवंही. चूळ भरताना रक्त दिसायला लागलं तेव्हा मेडिकलवाल्यानं दोन्ही पट्ट्या उलट्या केल्या आणि मागचं बारीक अक्षर बोटानं दाखवलं. घरातला गोळ्यांचा जुना डबा पहिल्याच तपासणीला डॉक्टरांच्या टेबलावर रिकामा करा. रंग आणि पट्टी बघून औषध ओळखता येत नाही.

याच्या उलट चूकही तितकीच होते. दाढ काढायची म्हणून किंवा आता बरं वाटतंय म्हणून ॲस्पिरिन परस्पर बंद करतात. बायपासमध्ये हृदयाला नव्यानं जोडलेली नस सुरुवातीच्या दिवसांत बंद पडते ती बहुतेकदा रक्ताची गुठळी होऊन. २००२ साली ५०६५ रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास छापून आला. ऑपरेशननंतर ४८ तासांत ॲस्पिरिन मिळालेल्यांत मृत्यूचं प्रमाण १.३ टक्के होतं, न मिळालेल्यांत ४ टक्के. तो नुसता निरीक्षणाचा अभ्यास होता, सगळा फरक गोळीमुळेच पडला असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण दंतवैद्याकडे जाण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना एक फोन करायला तेवढा पुरेसा आहे.

अंगदुखीची गोळी

छातीपेक्षा पाठ आणि खांदे जास्त ठणकतात, असं बऱ्याच जणांचं होतं. मग शेजारचे काका त्यांची गुडघ्याची गोळी आणून देतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या बायपासच्या रुग्णानं स्वतःच्या मनानं घ्यायच्याच नाहीत. याच घराण्यातल्या दोन औषधांची चाचणी बायपासच्या १६७१ रुग्णांवर झाली होती, निकाल २००५ साली आला. दोन्ही औषधं मिळालेल्यांत हार्ट ॲटॅक, स्ट्रोक अशा घटना २ टक्के, तुलनेसाठी औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी मिळालेल्यांत अर्धा टक्का. दुखत असेल तर सहन करत बसू नका, दुखण्यामुळे माणूस खोकत नाही आणि कफ साठतो. पण गोळी विचारून घ्या.

हाड सांधलेलं नाही, बांधलेलं आहे

छातीचं मधलं हाड उभं कापून ते स्टीलच्या तारेनं बांधतात. ते नीट जुळायला दोन-तीन महिने जातात. वरची जखम पंधरा दिवसांत छान दिसते आणि तिथंच माणूस फसतो. आण्णांनी तिसऱ्या आठवड्यात पाण्याची भरलेली कळशी उचलली. काही झालं नाही, नशीब. सुरुवातीचे सहा ते आठ आठवडे चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही.

रोजची खरी अडचण अंथरुणातून उठण्याची. हाताला धरून ओढून उठवू नका, आमच्याकडे प्रत्येक पाहुणा हेच करायचा. आधी कुशीवर वळायचं, पाय खाटेखाली सोडायचे आणि मग पायांच्या वजनानं अंग वर येऊ द्यायचं. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. खाली बसायचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा, लाजू नका. स्कूटरवर मागं बसूनही जाऊ नका, आपल्याकडचे गतिरोधक ठाऊक आहेतच.

कूस बदलताना छातीत खट् असा आवाज आला, जखमेतून पाणी किंवा पू आला, १०० च्या वर ताप टिकून राहिला, तर त्याच दिवशी दवाखाना. शुगर असलेल्यांनी तर दुप्पट सावध राहायचं, त्यांची जखम चिघळण्याचा धोका जास्त.

आणि पूर्ण झोपूनही राहू नका. “आण्णा, कशाला उठूलालासा? पडून ऱ्हावा की,” असं म्हणणारे दिवसाला दहा जण येतात. चहा द्या आणि वाटेला लावा. दिवसातून चार वेळा अंगणात फेऱ्या आणि दवाखान्यातून मिळालेल्या तीन छोट्या चेंडूंच्या श्वासाच्या यंत्रात (स्पायरोमीटर) श्वास ओढणं, हे त्यांच्या सहानुभूतीपेक्षा कामाचं.

पित्त

आमच्याकडे छातीच्या भागातल्या कुठल्याही गोष्टीला पित्त म्हणतात. धडधड, पित्त. दम लागणं, गॅस. बायपासनंतर साधारण तीन-चार जणांत एकाच्या हृदयाचा ठेका चुकतो, डॉक्टर त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. बहुतेकदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच, म्हणजे रुग्ण मॉनिटरवर असतानाच. पण घरी आल्यावरही होऊ शकतं आणि घरी मॉनिटर नसतो. आण्णा भजनात मृदंग वाजवायचे. त्यांनी स्वतःच मनगट चाचपून सांगितलं, “सम सापडत नाही.” आई जिऱ्याचं पाणी करायला उठली होती. ठेका चुकलेल्या हृदयात रक्त साकळतं, गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर लकवा. नाडी अशी आडवीतिडवी लागली की ईसीजी काढायचा, जिरं नंतर.

वजनही रोज सकाळी करा, पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी. एका दिवसात किलोच्या वर वाढलं किंवा आडवं पडल्यावर दम लागला तर अंगात पाणी साठतंय. लोणचं-पापडातलं मीठ ते पाणी आणखी वाढवतं.

रडू येणं

चौथ्या आठवड्यात आण्णा बातम्या बघताना रडले. आम्ही टीव्ही बंद केला, बस्स. २००१ साली छापलेल्या, ३०९ रुग्णांच्या एका अभ्यासात पाचातल्या एकाला डिस्चार्जच्या वेळी गंभीर नैराश्य होतं. पुढच्या वर्षभरात हृदयाचा पुन्हा त्रास त्यांच्यातल्या २७ टक्क्यांना झाला, बाकीच्यांत १० टक्क्यांना. दोन आठवडे झोप, भूक, बोलणं उतरलेलंच राहिलं तर ते डॉक्टरांना सांगायचं.

निपाणीचा माल

तंबाखूच्या मुलखात हे सांगणं अवघड. बिडी सोडलेले पुरुष तपकिरीवर येतात आणि बायकांची मिश्री तर कुणी मोजतच नाही, डॉक्टरसुद्धा विचारत नाहीत. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. आणि नव्या नसा तशाही कायमच्या नसतात. पायातून काढून लावलेल्या नसांपैकी जवळपास निम्म्या दहा वर्षांत बंद पडतात किंवा खराब होतात. छातीतली धमनी वापरली असेल तर ती मात्र दहातल्या नऊ जणांत शाबूत असते. आपल्याला कुठली किती लावली हे विचारून घ्या.

शेवटी तीन छोट्या वाक्यांची चिठ्ठी. रात्री १०८ ला फोन लावला तर पलीकडचा माणूस बहुधा कन्नडमध्ये बोलतो आणि घाबरल्यावर येत असलेलं कन्नडही आठवत नाही. आम्ही फ्रिजवर मराठी अक्षरांत लिहून लावलंय: बायपास आगैती. एदी नोवु. उसिराडाक त्रास. म्हणजे बायपास झालंय, छातीत दुखतंय, श्वास घ्यायला त्रास होतोय. खाली घराचा पत्ता, मारुतीच्या देवळाच्या खुणेसकट.