शेक्सपिअरच्या ऐतिहासिक नाटकांवरची समीक्षा कशी वाचावी

समीक्षेचं पुस्तक आधी उघडू नका. 'हेन्री पाचवा' घ्या आणि चौथ्या अंकाचा सहावा-सातवा प्रवेश हातात पेन्सिल धरून वाचा. फ्रेंचांशी लढाई चालू असताना ते पुन्हा जमताहेत असं दिसताच इंग्लंडचा राजा हेन्री हुकूम सोडतो: ज्याने त्याने आपापले कैदी मारावेत. पुढच्या प्रवेशात राजाच्या सैन्यातला कप्तान गावर सांगतो, फ्रेंचांनी सामानाजवळची पोरं कापली, म्हणून राजाने कैद्यांचे गळे चिरायला लावले, आणि योग्यच केलं. म्हणजे हुकूम आधी सुटला, कारण मागाहून आलं! हा क्रम समासात लिहा, खाली स्वतःचं मत दोन ओळींत लिहा. माझ्या वर्गात त्याआधी मी एकाही समीक्षकाचं नाव काढत नाही.

मग समीक्षक घ्यायचे, प्रत्येकाच्या नावापुढे साल टाकून. हॅझलिटला १८१७ साली हेन्री हा मोठा लोभस राक्षस वाटला. नेपोलियन जिथे हरला त्या वॉटर्लूच्या लढाईला तेव्हा दोनच वर्षं झाली होती आणि हॅझलिट नेपोलियनचा चाहता, राजेशाहीचा कडवा विरोधक. एवढं कळलं की त्याचा राग कुठून आला ते उमगतं. म्हणून तो राग खोटा ठरत नाही. टिलयार्डचा ऐतिहासिक नाटकांवरचा ग्रंथ १९४४ चा, ऐन महायुद्धातला. त्याला या नाटकांत दिसते ती राज्याची विस्कटलेली आणि शेवटी ट्यूडर राजघराण्याने पुन्हा बसवलेली घडी. त्याच वर्षी नट-दिग्दर्शक ऑलिव्हिएचा 'हेन्री पाचवा' पडद्यावर आला. त्यात कैद्यांचा हुकूमच नाही. चित्रपटाकडेही समीक्षा म्हणून बघा, काय गाळलंय ते तपासा.

१९७७ मध्ये नॉर्मन रॅबकिनने बदक आणि ससा दोन्ही दिसणाऱ्या चित्राचा दाखला देऊन म्हटलं, की आदर्श राजा आणि निर्दय विजेता दोघेही या नाटकात पुरेपूर आहेत. मुलं इथे 'दोन्ही बाजू आहेत' असं लिहून मोकळी होतात. ते मला अजिबात मान्य नाही. रॅबकिनला हवा आहे तो दोन्ही एकदम पाहण्याचा ताण. तो कोणत्या ओळीत जाणवतो, ते उत्तरात दाखवावंच लागतं.

आता प्रत्येक मत तुमच्या समासातल्या टिपेशी ताडून बघा. कैद्यांच्या हुकमाबद्दल जो समीक्षक गप्प आहे, त्याच्यावरच पहिला परिच्छेद लिहा.

पुढचा सराव 'रिचर्ड दुसरा'वर करा. त्यातला राजाला पदच्युत करण्याचा प्रसंग १५९७ च्या छापील प्रतीत नाही, १६०८ च्या प्रतीत आहे. काय गाळलंय, हा प्रश्न इथेही विचारा.